बी.एस्सी.ची मोकळी लाइन

“रेवती? छे हो, ती मोकळीच असते. अख्खी लाइन मोकळी आहे!”

बाबा बैठकीत फोनवर कुणाला तरी सांगत होते. पडद्याच्या अलीकडे, जेवणाच्या टेबलाशी, मी मोकळी बसले होते. म्हणजे माझ्यासमोर गणिताचं जाड पुस्तक उघडं होतं, मांडीवर आईने सोलायला दिलेल्या मटारची परात होती, डावीकडे शेजारच्या तिवारी आंटींची पिंकी सातचा पाढा चुकत होती आणि उजवीकडे तिची धाकटी बहीण डॉली माझ्या पुस्तकाच्या समासात मोर काढत होती. उरलेला सगळा वेळ मी मोकळीच होते.

आमचे बाबा झाशीला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर. त्यांचं काम असं, की कानाला हेडफोन लावून आठ तास बसायचं, एकेका स्टेशनमास्तरला ‘गाडी कुठवर आली’ विचारायचं आणि जे उत्तर येईल ते समोरच्या लांबलचक चार्टवर रंगीत पेन्सिलीने आखायचं. आडवी वेळ, उभी स्टेशनं. गाडी धावली की रेघ तिरकी चढते, थांबली की आडवी पडते. इतकी वर्षं हे केल्यावर बाबांना माणसंही तशीच दिसू लागली आहेत. दूधवाला उशिरा आला की ते घड्याळ पाहून म्हणतात, “पस्तीस मिनिटं लेट. सीपरी बाजारला अडकला असणार.” आणि ज्याने उशिराचं कारण आधी कळवलं नाही, त्याला त्यांच्याकडे माफी नाही. “जी गाडी कंट्रोलला कळवली नाही, ती धावलीच नाही!” हे वाक्य मी बाराखडीच्याही आधी शिकले असेन.

मी नववीत गेले तेव्हा त्यांनी माझ्या अभ्यासाचा चार्ट केला.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मूल पाच मिनिटं रिकामं बसलं तर कायमचं बिघडतं, अशी त्या शाळेची पक्की समजूत होती. रोज पाच विषयांचा होमवर्क, दर सोमवारी टेस्ट, शनिवारी पाठांतर, महिन्याला एक प्रोजेक्ट, आणि प्रत्येक गोष्टीची डायरीत नोंद करून त्याखाली वडिलांची सही. बाबा हरखून गेले! होमवर्क म्हणजे निळी पॅसेंजर, प्रत्येक स्टेशनावर थांबणार. टेस्ट म्हणजे लाल मेल, तिला सगळ्यांनी वाट द्यायची. प्रोजेक्ट म्हणजे हिरवी मालगाडी, ती कायम लेट. (थर्मोकोलचा झाशीचा किल्ला इतका लेट झाला होता, की नाइट ड्यूटीवरून आलेल्या बाबांनी कपडेही न बदलता त्याच्या खिडक्या कापल्या. एका बुरुजाला अजून त्यांच्या चहाचा डाग आहे.)

“बघ, बघ,” ते चार्ट आईसमोर धरायचे, “इतका बिझी सेक्शन मी माझ्या नोकरीत नाही पाहिला.”

आणि बिझी सेक्शनचे नियम आमच्या घराला लागू झाले. टेस्टच्या दिवशी रेडिओ बंद. कुकर मी शाळेत गेल्यावर. आई बदाम उगाळलेलं दूध आणून ठेवायची आणि चोरासारखी पाऊल न वाजवता परत जायची. ग्वाल्हेरहून आत्या चार दिवसांसाठी आली तर बाबांनी तिला दारातच सांगितलं, “ताई, बुधवारपर्यंत लाइन बिझी आहे.” आत्याला चार दिवस स्वयंपाकघरात लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं केलं होतं. ती बिचारी कुजबुजत बोलायची आणि जाताना माझ्या हातावर पेढा ठेवून म्हणाली, “बाळा, तू पास हो, मग मी मोठ्याने हसेन.”

बारावीला मला छान मार्क मिळाले. सगळे म्हणाले, रेवती हुशार आहे. मी मान खाली घालून हसले. खरं तर त्या मार्कांमध्ये निम्मे तरी पेन्सिलीचे, बदामांचे आणि आत्याच्या कुजबुजीचे होते.

मग मी डिग्री कॉलेजात गेले, आणि अभ्यास बंद पडला. निदान बाबांच्या चार्टवर.

पहिला महिना संपला त्या संध्याकाळी ते नवा कागद ताणून, तिन्ही पेन्सिलींना टोक करून बसले.

“हं, बोल. होमवर्क?”

“नाही.”

“सोमवारची टेस्ट?”

“नाही.”

“डायरीवर सही कुठे करू?”

“डायरीच नाहीये, बाबा.”

निळी पेन्सिल खाली ठेवली गेली. “मग करतात काय तिथे?”

“लेक्चर असतात. तीन. एक सर रजेवर आहेत.”

“आणि परीक्षा?”

“एप्रिलमध्ये. एकदाच. सगळ्याची.”

बाबांनी जुलैपासून एक रेघ आखायला घेतली. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर... रेघ सरळ आडवी जात राहिली, जशी स्टेशनात उभ्या गाडीची जाते. अगदी उजव्या टोकाला, एप्रिलच्या शेवटच्या तारखेला त्यांनी एक एकटी लाल रेघ मारली. मग चष्मा कपाळावर चढवून ते चार्टकडे बघत राहिले.

“म्हणजे नऊ महिने गाडी उभीच?”

इथे मी बोलायला हवं होतं. सांगायला हवं होतं, की बाबा, शाळेत अभ्यास ताटात वाढून यायचा. इथे शेत दाखवलंय आणि एप्रिलमध्ये जेवायला बोलावलंय. कोणती पानं वाचायची ते कुणी सांगत नाही, म्हणून सगळीच वाचावी लागतात. गणिताचे सर अख्खा तास हिंदीत ‘अवकलन’, ‘समाकलन’ म्हणतात आणि ते मी शाळेत इंग्रजीत शिकलेलंच डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन आहे, हे कळायला मला तीन आठवडे लागले. रसायनाचं पुस्तक लायब्ररीत एकच आहे, ते घरी देत नाहीत, म्हणून मी ते हाताने उतरवून घेतेय. पहाटे साडेचारला उठून मी गच्चीच्या जिन्यावर बसते तेव्हा तुम्ही एक तर ड्यूटीवर असता, नाहीतर झोपलेले.

हे सगळं मी बोलले. मुद्देसूद, आवाजात चढउतार करून, मनातल्या मनात. तोंडातून निघालं ते एवढंच:

“हं.”

बाबांचा दोष नव्हता. त्यांनी स्वतः कॉलेज पाहिलं होतं ते फक्त तीन महिने. बी.एस्सी.ला नाव घातलं आणि रेल्वेचा कॉल आला; घरी धाकटी भावंडं होती. ते गेले. त्या तीन महिन्यांत एकही टेस्ट झाली नव्हती, त्यामुळे कॉलेजात अभ्यास नसतो हे त्यांनी अनुभवाने सिद्ध केलं होतं! पण मी पदवीधर व्हावं याची त्यांना इतकी ओढ होती, की माझ्या प्रवेशाची पावती त्यांनी देवघरात ठेवली होती. त्यामुळे मला नापास होण्याची भीती वाटायची ती मार्कांसाठी नाही. ती पावती मला रोज आंघोळीनंतर दिसायची.

आता, रेल्वेत मोकळी लाइन वाया घालवणं म्हणजे पाप. गाड्या नसतील तर रूळ दुरुस्त करणारे लगेच ‘ब्लॉक’ मागतात: अमुक ते अमुक वेळ लाइन आम्हाला द्या, तेवढ्यात इथून काही धावणार नाही. कंट्रोलर चार्ट बघतो आणि ब्लॉक देतो. बाबांनी माझा चार्ट पाहिला आणि उदार मनाने ब्लॉक वाटायला सुरुवात केली.

पहिला ब्लॉक तिवारी आंटींना मिळाला. “अरी बिन्नू, तुम तो दिन भर खाली बैठी रहती हो,” त्या दोन्ही मुलींना माझ्याकडे ढकलत म्हणाल्या (बुंदेलीत बिन्नू म्हणजे लाडाने ‘पोरी’, आणि नेक म्हणजे जरा), “नेक इन दोनों को देख लो. भाईसाहब ने चार से छह का टाइम दे दिया है.” मी म्हणाले, “हं.” दुसरा ब्लॉक आईला, भाजी निवडणं आणि पापड. बाबांनी प्रत्येक ब्लॉक चार्टवर तिरक्या रेघांनी नीट भरलेल्या चौकोनात दाखवला. काम चोख!

दिवाळीनंतर मी ठरवलं, आता सांगायचंच. तोंडाने जमत नाही तर लिहून. एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं, ‘प्लीज समजून घ्या, माझा अभ्यास खूप आहे. मला अजून वेळ हवा.’ खाली नाव, आणि चिठ्ठी बाबांच्या डब्यात, पराठ्यांच्या वर. चिठ्ठी संध्याकाळी रिकाम्या डब्यातून परत आली. मागे वेगळ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘बहुत बढ़िया बिटिया. आलू के पराठे भी बढ़िया थे.’

कंट्रोल ऑफिसात डबे एकमेकांत फिरतात, हे मी विसरले होते. तो डबा बाबांचे सहकारी सक्सेनाजींनी उघडला होता. जिला कॉलेजात जाऊनही अभ्यासाला वेळ अपुरा पडतो, अशी अभ्यासू मुलगी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. अशीच मुलगी त्यांना आपल्या मुलीला शिकवायला हवी होती!

“सक्सेनाजींच्या शालूला भूगोल जड जातो,” बाबा अभिमानाने म्हणाले. “सहा ते सात ब्लॉक दिलाय. तुझं फार कौतुक करत होते.”

“हं,” मी म्हणाले.

त्यानंतर मी चिठ्ठ्या लिहिणं सोडलं. प्रत्येक चिठ्ठीला एक मूल, हा भाव मला परवडणारा नव्हता.

आणि तो ‘अख्खी लाइन मोकळी’वाला फोन? तो करमरकर काकांचा होता. काका आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. त्यांचे पूर्वज अठराव्या शतकात देवळाच्या पूजेसाठी झाशीला आले आणि त्यांची मराठी बहुतेक त्या दिवसापासून देवळाबाहेर पडलेलीच नाही. माझी मराठी याच्या अगदी उलट: अर्धी हिंदी, पाव इंग्रजी, आणि उरलेली आईच्या रागाची. (हे लिखाणही काकांनी दोनदा तपासलं आहे. ‘ब्लॉक’ला त्यांनी ‘मार्गबंदी’ सुचवलं. मी हं म्हणाले आणि ‘ब्लॉक’ ठेवलं.)

“पोरी,” काका दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, “गुढीपाडव्याचा कार्यक्रम तू सांभाळायचास. माईक हाती घ्यायचा, पाहुण्यांची ओळख करून द्यायची, गोड बोलायचं. मंडळाची अब्रू तुझ्या हाती हो.”

“काका, मी... मराठी... माझं ना...”

“विनय आहे!” काका बाबांना म्हणाले. “हल्लीच्या मुलींत विनय दिसत नाही.”

बाबांनी मार्चमध्ये रोज एक तास तालमीचा चौकोन भरला.

मार्चच्या मध्यावर कॉलेजच्या फळ्यावर परीक्षेचं वेळापत्रक लागलं. पहिला पेपर पाडव्यानंतर तेराव्या दिवशी. बाबांची लाल रेघ महिनाअखेरीला होती. मी वेळापत्रक वहीत उतरवून घरी आणलं, चार्टसमोर उभी राहिले. चार्टवर आता गाडी जायला केसाएवढीही जागा नव्हती. पिंकी, डॉली, शालू, पापड, पाहुण्यांची यादी, श्रीखंडाचा हिशेब, सगळे चौकोन कसे सुबक भरलेले. बाबा पेन्सिलीला टोक करत होते.

“काही हवंय?”

मी वही उघडली. वही मिटली. “नाही. हं... चहा घेणार?”

बाबांना चहा मिळाला. पुढचे पंधरा दिवस मी भूगोल शिकवताना रसायन आठवत होते आणि तालमीत पाहुण्यांच्या ओळखीत मध्येच समाकलन येत होतं.

पाडव्याची संध्याकाळ. कॉलनीतला हॉल भरलेला. काकांनी लिहून दिलेली चार पानं माझ्या हातात, आणि मी त्यांनीच वारा घेत होते. पहिल्या रांगेत आई, बाबा, खास श्रीखंडासाठी आलेल्या तिवारी आंटी आणि सक्सेनाजी. काकांनी घंटी वाजवली. सगळे गप्प झाले. बाबा मात्र सक्सेनाजींशी बोलण्यात गुंग होते, आणि त्या शांततेत त्यांचा कंट्रोल ऑफिसात कमावलेला आवाज मंचापर्यंत स्वच्छ आला:

“अरे सक्सेनाजी, मई तक शाम का ब्लॉक ले लो. लाइन खाली है.”

त्या क्षणी मला काय झालं, मला माहीत नाही. समोर दीडशे माणसं होती, माझ्या तोंडासमोर माईक होता आणि माझं तोंड उघडलं.

मी काय बोलले ते सांगायची अजून लाज वाटते, म्हणून आधी पुढचं सांगून टाकते.

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर काकांनी तिला गप्प केलं असतं, इतकी शांतता. बाबा उभे राहिले. रेल्वेत निरोप मिळाला की तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा असतो, ऐकण्यात चूक नको म्हणून. बाबांनी माझं बोलणं सगळ्यांसमोर शब्दन् शब्द परत म्हटलं. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “पहिला पेपर कधी?”

मी सांगितलं.

बाबांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, “ग्रँटेड,” आणि खाली बसले.

घरी जाताना आईने त्यांना धारेवर धरलं. “पोरीला एकदा विचारायचं तरी!”

“विचारलं होतं. ती हं म्हणाली.”

“बावीस वर्षं मीही हं म्हणतेय. त्याचा अर्थ कळलाय कधी?”

बाबा म्हणाले, “हं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला समोर बसवलं. “आता बोल. खरं काय धावतंय ते सगळं.” मी अडखळत सांगितलं, एकेक पुस्तक, एकेक धडा, हाताने उतरवलेलं रसायन, पहाटेचा जिना. बाबा आखत गेले. कागद संपला. दुसरा चिकटवला. तोही संपला, तिसरा चिकटवला. पहाटेच्या रेघांपाशी त्यांची पेन्सिल थांबली.

“ही गाडी रोज धावत होती? जुलैपासून? कंट्रोलला कळवलं का नाहीस गं?”

त्यांनी शाळेचा जुना चार्ट काढून या तीन कागदांच्या शेजारी भिंतीवर लावला. एका कागदाची शाळा, तीन कागदांचं कॉलेज. मग म्हणाले, “मी तीन महिन्यांत सोडलं ते बरंच झालं. मला नसतं जमलं.” आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कॉलेजचं नाव हसून घेतलं.

त्या बारा दिवसांत बाबांनी रजा टाकली आणि दारात खुर्ची टाकली. करमरकर काका आभाराची पत्रं लिहून घ्यायला आले, त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. तिवारी आंटींनी तर गल्लीतल्या भाजीवाल्यालाही दटावलं, “धीरे बोलो भैया, हमारी बिन्नू का ब्लॉक चल रहा है!” रोज दुपारी पिंकी आवाज न करता कढीचा डबा ओट्यावर ठेवून जायची. (कढीत एकदा डॉलीने काढलेला मोर पडला होता. मोरावर ‘बेस्ट ऑफ लक दीदी’ लिहिलेलं होतं.) शालूचा भूगोल बाबांनी स्वतः घेतला, त्या वर्षी तिला देशातली सगळी जंक्शन पाठ झाली, नद्या एकही नाही. आईच्या कुकरने बारा दिवस शिट्टी मारली नाही. शाळेत मला वाटायचं ही माणसं अभ्यासाला वाट देतात. तसं नव्हतं. ती मला वाट देत होती, मी फक्त येतेय म्हणून सांगायचं होतं.

मी सेकंड क्लासमध्ये पास झाले. आत्या ग्वाल्हेरहून आली आणि खरोखरच मोठ्याने हसली. बाबांनी तिसऱ्या कागदाच्या टोकाला लिहिलं, ‘आगमन: राइट टाइम’. रसायनात मला काठावरचे मार्क होते, पण त्याची नोंद कंट्रोलने घेतली नाही.

आता राहिलं ते बोलणं. लोक अजून सांगतात, की रेवती त्या दिवशी किती धीटपणे बोलली. मला धीट-बिट काही आठवत नाही. काकांची चार पानं हातात होती, ती वाचायची सोडायचं धाडस मला झालंच नाही, म्हणून मी माझं एक वाक्य त्यात मधेच घुसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने, माईकवर, एका दमात मी म्हणाले:

“नमस्कार मंडळी, नूतन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा, बाबा, लाइन मोकळी नाहीये, मला उद्यापासून बारा दिवसांचा ब्लॉक हवा आहे, तर आता सादर होत आहे गणेशवंदना!”